तीन नंबरची जागा

बास्केटबॉलच्या मैदानावर एका संघाचे पाच जण असतात. त्यांपैकी चौघांचं काम त्यांच्या नावावरून साधारण ओळखता येतं. पॉइंट गार्ड चेंडू घेऊन वर येतो आणि डाव लावतो. शूटिंग गार्ड लांबून नेम धरतो. पॉवर फॉरवर्ड ताकदीच्या जोरावर टोपलीजवळची जागा धरून ठेवतो. सेंटर हा सर्वांत उंच, तो टोपलीखालचा पहारेकरी. पाचवा उरतो त्याला म्हणतात स्मॉल फॉरवर्ड, म्हणजे शब्दशः लहान फॉरवर्ड. हा लहान माणूस बहुधा साडेसहा फुटांच्या आसपास किंवा त्याहून उंच असतो, तेव्हा नावातला लहानपणाही काही खरा नाही. प्रशिक्षक मंडळी ह्या पाच जागांना एक ते पाच असे आकडे देतात. त्यात आपला हा गडी तीन नंबरचा, बरोबर मधला.

आज मला ह्या तीन नंबरविषयी बोलायचं आहे. पण तो खऱ्या मैदानावरचा नव्हे, संगणकावरच्या एका खेळातला. त्या खेळाचं नाव बझरबीटर. तो २००७ साली सुरू झाला. ह्यात आपण चेंडूला हात लावत नाही. बटणं दाबून खेळाडू पळवायचा, उडी मारायला लावायची, असला प्रकारही नाही. आपण संघाचे व्यवस्थापक असतो. खेळाडू विकत घ्यायचे, विकायचे, त्यांचे पगार भागवायचे, आठवड्याचा सराव ठरवायचा आणि सामन्याआधी कोण कुठे खेळणार आणि डावपेच काय, एवढं लिहून द्यायचं. सामना संगणक खेळतो आणि त्याचं धावतं वर्णन आपण वाचायचं. समोरचा संघही असाच कुणीतरी कुठल्यातरी देशात बसून चालवत असतो. मराठीत 'उंटावरून शेळ्या हाकणं' असा वाक्प्रचार आहे आणि तो काही कौतुकानं वापरत नाहीत. इथे मात्र उंटावर बसणं हाच खेळ आहे. उंटावरून जे दिसतं, ते शेळ्यांच्या मागे धावणाऱ्याला दिसत नाही, एवढं मी अनुभवानं सांगू शकतो.

माझ्या भाच्यानं मला ह्या खेळाची गोडी लावली. खेळ शिकताना सगळ्यांत जास्त वेळ मला ह्या तीन नंबरनं घेतला. बाकीच्या चार जागांसाठी माणूस कसा निवडायचा हे महिन्याभरात कळतं. ह्या जागेला मात्र काही मोसम जावे लागतात. का, ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

बास्केटबॉल हा अशा थोड्या खेळांपैकी आहे, ज्यांचा जन्म कधी आणि कुठे झाला हे नेमकं सांगता येतं. डिसेंबर १८९१, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं स्प्रिंगफील्ड गाव. वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेतले शिक्षक जेम्स नेस्मिथ यांना हिवाळ्यात छपराखाली खेळता येईल असा खेळ हवा होता. त्यांनी सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. कठडा दहा फूट उंच होता, म्हणून टोपलीची उंची आजही दहा फूटच आहे. वर्गात अठरा विद्यार्थी होते, त्यामुळे पहिल्या सामन्यात एका बाजूला नऊ जण खेळले. पुढे संख्या पाचावर आली आणि कामांची वाटणी झाली. दोन गार्ड, म्हणजे मागे राहून राखण करणारे. दोन फॉरवर्ड, म्हणजे पुढे जाऊन गुण करणारे. आणि मध्ये एक सेंटर. कालांतरानं दोन फॉरवर्डमधला दणकट होता तो टोपलीकडे सरकला आणि 'पॉवर' झाला. दुसरा, जरा हलका आणि चपळ, बाहेरच्या बाजूला राहिला. त्याला 'स्मॉल' म्हटलं गेलं. हे नाव त्याच्या कामावरून पडलेलं नाही. शेजाऱ्याच्या मानानं तो लहान दिसला, एवढ्यावरून पडलं. घरातल्या दोन भावांपैकी एकाला आयुष्यभर 'छोटू' म्हणतात, तसंच हे.

हाच खेळ वायएमसीएच्या लोकांनी जगभर नेला आणि तो आपल्याकडेही आला. मुंबईत नागपाड्याच्या मस्तान तलावाच्या मैदानावर ज्यांनी संध्याकाळचे सामने पाहिले असतील, त्यांना पाच जणांची ही वाटणी वेगळी समजावून सांगायला नको. १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसीर ह्याच नागपाड्याचे.

आता संगणकावरच्या खेळाकडे येऊ. बझरबीटरमध्ये प्रत्येक खेळाडूची कौशल्यं मोजलेली असतात. मुख्य कौशल्यं दहा. उडी मारून मारलेला फटका, म्हणजे जंप शॉट. तो किती लांबून लागतो, ती रेंज. बाहेरच्या बाजूचा बचाव. चेंडू हाताळणं. प्रतिस्पर्ध्याला चकवून टोपलीकडे मुसंडी मारणं, ज्याला ड्रायव्हिंग म्हणतात. पासिंग. टोपलीजवळून गुण करणं, म्हणजे इनसाइड शॉट. आतला बचाव. रिबाउंड, म्हणजे हुकलेला चेंडू झेलणं. आणि दहावं, समोरच्याचा फटका हवेतच अडवणं. ह्यांखेरीज दम आणि फ्री थ्रो ही दोन वेगळी. प्रत्येक कौशल्याला एक विशेषण लावलेलं असतं. 'भयंकर' म्हणता येईल अशा तळच्या पायरीपासून एकेक पायरी वर चढत विसाव्या पायरीवर 'दंतकथेतला' ह्या अर्थाचा शब्द येतो.

ही यादी नीट पाहिली, तर तिचे सरळ दोन भाग पडतात. पहिली सहा बाहेरच्या माणसांची, म्हणजे गार्डांची. शेवटची चार आतल्या माणसांची, म्हणजे पॉवर फॉरवर्ड आणि सेंटर यांची. चांगला गार्ड निवडायचा तर पहिल्या सहांकडे बघायचं, बाकीची कच्ची असली तरी चालतं. सेंटर निवडायचा तर शेवटच्या चारांकडे बघायचं. त्याला लांबून नेम धरता येत नसला तरी त्याला कोणी लांब उभं करणार नसतं. मग तीन नंबरचा कशाचा? त्याला दोन्हीकडचं यावं लागतं. आणि इथेच नवा व्यवस्थापक गोंधळतो, कारण दोन्हीकडचं येणारा माणूस कागदावर फारसा दिसतच नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्यासमोर दोन खेळाडू आहेत. पहिल्याचा जंप शॉट चौदाव्या पायरीवर, बाहेरचा बचाव तेराव्या, पासिंग अकराव्या. पण रिबाउंड आणि आतला बचाव तिसऱ्या-चौथ्या पायरीवर अडकलेले. दुसऱ्याची दहाही कौशल्यं नवव्या किंवा दहाव्या पायरीवर. पहिल्याची पाटी वाचताना डोळे दिपतात. दुसऱ्याच्या पाटीवर डोळा कुठे ठरतच नाही. नवा माणूस पहिल्याला घेतो, बाजारही पहिल्यामागे धावतो. पण दोघांच्या पायऱ्यांची बेरीज केली, तर दुसरा सहज पुढे निघतो.

आता गंमत पगाराची. ह्या खेळात खेळाडूचा पगार कौशल्यांवरूनच ठरतो आणि दर मोसमाच्या सुरुवातीला तो नव्यानं मोजला जातो. पण ही मोजणी सरसकट बेरजेची नाही. खेळाडू ज्या जागेला सगळ्यांत योग्य, त्या जागेच्या हिशेबानं ती होते आणि त्या जागेची जी खास कौशल्यं, त्यांचा भाव मोठा असतो. वरच्या पायऱ्यांना तर भाव झपाट्यानं चढतो. म्हणून दोनतीन शिखरं असलेला गार्ड किंवा सेंटर महाग पडतो. सगळीकडे सारखा भरलेला स्मॉल फॉरवर्ड, त्याच तोडीचं काम करून, स्वस्त पडतो. हिशेब शिखरं मोजतो, पठार मोजत नाही. मुरलेले व्यवस्थापक हे जाणून असतात आणि असा एखादा माणूस हाती लागला, तर सहसा सोडत नाहीत.

तुम्ही विचाराल, पठाराचा उपयोग काय? सामना तर शिखरांवरच जिंकतात ना? अर्धं खरं आहे. गुण करायला शिखर लागतं. पण सामना दोन्ही बाजूंनी चालतो आणि समोरचा व्यवस्थापक पहिली गोष्ट करतो ती म्हणजे आपलं भोक शोधतो. ह्या खेळात आक्रमणाचे वेगवेगळे डावपेच आहेत. 'लुक इनसाइड' किंवा 'लो पोस्ट' निवडलं, तर चेंडू टोपलीजवळच्या माणसांकडे जातो. 'मोशन' किंवा 'रन अँड गन' निवडलं, तर लांबच्या फटक्यांवर भर येतो. आपला तीन नंबरचा नुसता नेमबाज असेल, तर समोरचा आतून हल्ला करणार आणि आपल्याकडे रिबाउंड घ्यायला दोनच माणसं उरणार. तो नुसता दांडगा असेल, तर समोरचा बाहेर पसरणार आणि ह्याला चपळ माणसामागे पळता येणार नाही. तीन नंबरची जागा दोन्ही वाड्यांच्या मधल्या भिंतीची आहे. ती भिंत कच्ची असली की दोन्ही वाड्यांत पाणी शिरतं.

'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. सर्वांगानं थोडंथोडं येणाऱ्या माणसाला आपण ती ऐकवतो. म्हण चुकीची नाही. दहाही कौशल्यं पाचव्या पायरीवर असलेला खेळाडू म्हणजे खरोखरच भाराभर चिंध्या. पण त्याच चिंध्या नीट जोडल्या, टाके घट्ट घातले की गोधडी होते आणि थंडीत जरीच्या शालूपेक्षा गोधडी कामाची. चिंधी आणि गोधडी यांत फरक कापडाचा नसतो, शिवणीचा असतो. तीन नंबरच्या माणसात ही शिवण कशी घातली जाते, तोच आता पुढचा आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग.

बझरबीटरमध्ये सराव आठवड्यातून एकदा होतो. त्या आठवड्यासाठी आपण एक कौशल्य निवडतो आणि कोणत्या जागेवर खेळलेल्यांना ते शिकवायचं हे ठरवतो. नियम असा की, खेळाडूनं त्या आठवड्यात त्या जागेवर प्रत्यक्ष सामन्यात मिनिटं खेळलेली असली पाहिजेत. अठ्ठेचाळीस मिनिटं भरली की सराव पूर्ण लागू पडतो. म्हणजे बाकावर बसवून कोणाला काही शिकवता येत नाही. पासिंग शिकवायचं तर त्याला पॉइंट गार्ड म्हणून उतरवावं लागतं. रिबाउंड शिकवायचा तर टोपलीखाली उभं करावं लागतं. त्यात वय कमी तेवढं शिकणं जलद, अठराव्या वर्षी सगळ्यांत जास्त. उंचीचाही हिशेब आहे. बुटका माणूस बाहेरची कौशल्यं लवकर शिकतो, उंच माणूस आतली.

आता तीन नंबरचं बघा. त्याला दोन्हीकडचं हवं आणि ते सगळं त्याला त्याच्या स्वतःच्या जागेवर उभं राहून मिळत नाही. म्हणजे तो तयार करायचा तर काही मोसम त्याला गार्ड म्हणून खेळवायचं आणि काही मोसम आत पाठवायचं. पहिल्या जागेवर तो असतो सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत संथ. दुसऱ्या जागेवर असतो सगळ्यांत हलका. दोन्हीकडे परका. आणि हे चालू असताना सामने खरे असतात, हार खरी असते, क्रमवारी खरी असते.

आमच्या संघात असा एक अठरा वर्षांचा पोरगा आला होता, उंची सहा फूट सात इंच. संघ आमचा दोघांचा, माझा आणि भाच्याचा. तो पुण्याला वसतिगृहात, मी घरी. रोज रात्री फोन. मी त्या पोराला पॉइंट गार्ड म्हणून उतरवायचं ठरवलं. सात-आठ आठवडे आम्ही हरत राहिलो. त्याच्या हातून चेंडू सुटायचा, समोरचा चपळ गार्ड त्याला वळसा घालून निघून जायचा.

भाचा म्हणाला, "मामू, त्याला आत तरी खेळवा, नाहीतर विकून टाका. ह्या पैशांत तयार गार्ड येतो. असं चाललं तर आपण खालच्या लीगमध्ये जाऊ."

मी म्हटलं, "बेटा, गेलो तर एक मोसम जाईल. हा पोरगा तयार झाला तर दहा मोसम राहील."

"तुमचं बरं आहे. तुम्ही कविता करता, तुम्हाला थांबायची सवय आहे. हॉस्टेलवर सगळे मला विचारतात, सहा फूट सात इंचांचा पॉइंट गार्ड कोणी ठेवला म्हणून."

"मग सांग की मामूनं."

त्या मोसमात आम्ही खालच्या लीगमध्ये गेलोच. भाच्यानं पुढचे कितीतरी दिवस मला फोनवर फक्त हो-नाही एवढंच उत्तर दिलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ह्या खेळातला मोसम चौदा आठवड्यांचा असतो आणि ते खरे आठवडे असतात, कॅलेंडरवरचे. खेळाडू एका वर्षानं मोठा होतो तेव्हा आपले सव्वातीन महिने गेलेले असतात. स्मॉल फॉरवर्ड घडवायचा म्हणजे अशी दोन-तीन वर्षं कोणाच्या तरी आयुष्यातून जातात. तो पगारात स्वस्त पडतो म्हटलं खरं, पण त्याची किंमत आधीच वेगळ्या नाण्यात मोजलेली असते. ती हरलेल्या सामन्यांत असते आणि ती लिहून ठेवायला जमाखर्चात रकाना नसतो.

हे सगळं संगणकाच्या नियमांमुळे आहे, असं वाटण्याचा संभव आहे. म्हणून खऱ्या मैदानावरचा एक दाखला देतो. शिकागो बुल्स हा संघ मायकेल जॉर्डनमुळे जगाला ठाऊक आहे. त्याच संघात तीन नंबरला स्कॉटी पिपन खेळत असे. पिपन शाळेत पॉइंट गार्ड होता, उंची सहा फूट एक इंच. सेंट्रल आर्कान्सा विद्यापीठात तो आला तेव्हा त्याच्याकडे सुरुवातीला संघाच्या सामानसुमानाची व्यवस्था बघायचं काम होतं. आणि मग तो वाढत गेला, सहा फूट आठ इंचांपर्यंत. म्हणजे निसर्गानंच त्याचा सराव असा आखला की, आधी बुटक्यांत राहून पास देणं, चेंडू हाताळणं आणि चपळ माणसाला अडवणं शिकून घे, उंची नंतर देतो. १९८७ साली तो व्यावसायिक लीगमध्ये आला, तेव्हा त्याच्याजवळ गार्डाचे हात होते आणि फॉरवर्डची लांबी.

ह्याचा उपयोग काय झाला, तो १९९१ च्या अंतिम फेरीत दिसला. समोर लॉस एंजेलिस लेकर्स आणि त्यांचा मॅजिक जॉन्सन, सहा फूट नऊ इंचांचा पॉइंट गार्ड. पहिला सामना लेकर्सनं ९३-९१ असा जिंकला. दुसऱ्या सामन्यात मॅजिकला अडवायचं काम पिपनकडे आलं. एवढ्या उंच माणसाच्या समोर उभं राहायचं तर उंची हवी आणि एवढ्या चतुर गार्डाला रोखायचं तर गार्डाचं मन कळायला हवं. दोन्ही असलेला माणूस एकच होता. बुल्सनं तो सामना १०७-८६ असा घेतला, पुढचे तिन्ही घेतले आणि मालिका ४-१ अशी जिंकली. शेवटच्या सामन्यात पिपननं ३२ गुण केले आणि १३ रिबाउंड घेतले. एक आकडा गार्डाला शोभणारा, दुसरा सेंटरला.

आणि पगार? तोही ऐका. १९९१ साली पिपननं दीर्घ मुदतीचा करार केला होता. बारा भावंडांतला तो धाकटा. तो मोठा होत असताना घरी वडील आणि एक भाऊ, दोघंही चाकाच्या खुर्चीत होते. अशा घरातला माणूस मोठ्या रकमेची वाट बघत नाही, खात्रीची रक्कम घेतो. पुढे भाव चढले, करार मात्र तसाच राहिला. १९९७-९८ च्या मोसमात, सहावं अजिंक्यपद जिंकताना, त्याचा पगार सुमारे २७ लाख ७५ हजार डॉलर होता. संपूर्ण लीगमध्ये तो पगाराच्या यादीत १२२ वा आणि आपल्याच संघात सहावा. त्याच वर्षी जॉर्डनचा पगार तीन कोटी तीस लाख डॉलरच्या वर होता. जॉर्डनचं मोठेपण कोणी नाकारत नाही. प्रश्न इतकाच की, ज्या माणसाशिवाय त्या सहांपैकी एकही अजिंक्यपद झालं नाही, त्याचं नाव यादीत १२२ व्या ओळीवर कसं? करार आधी झाला हे एक कारण. पण त्यानं दोन्ही वाड्यांच्या मधली भिंत धरून ठेवली होती आणि त्या भिंतीचे गुण फलकावर चढत नाहीत, हेही त्याच्या जोडीला आहेच.

दुसरा दाखला शेन बॅटिए ह्या खेळाडूचा. तोही फॉरवर्डच, ह्यूस्टन रॉकेट्सचा. फेब्रुवारी २००९ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवारच्या मासिकात मायकेल लुइस यांनी त्याच्यावर मोठा लेख लिहिला. त्याला त्यांनी दिलेलं नाव मराठीत सांगायचं तर 'आकडे नसलेला ऑल-स्टार' असं होईल. बॅटिएचे गुण साधारण, रिबाउंड साधारण, सगळंच साधारण. पण तो मैदानावर असताना संघाचा खेळ सुधारे आणि समोरच्या बड्या खेळाडूचा खेळ बिघडे. कोबी ब्रायंटसारखा माणूस मैदानाच्या कोणत्या भागातून कमी यशस्वी ठरतो, ह्याचा अभ्यास करून बॅटिए त्याला तिकडे ढकलत असे. हुकलेला तो फटका कोबीच्या खात्यावर लिहिला जाई. बॅटिएच्या खात्यावर काहीच नाही.

अर्थात तीन नंबरचा माणूस नेहमी पडद्यामागेच राहतो, असंही समजू नका. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी करीम अब्दुल-जब्बार यांचा ३८,३८७ गुणांचा विक्रम मोडणारा लेब्रॉन जेम्स कारकिर्दीत बहुतेक काळ स्मॉल फॉरवर्डच मानला गेला. त्याच्याकडे पठारही आहे आणि पठारावर शिखरंही आहेत. असे लोक पिढीत एखाद-दुसरे. आपल्यासारख्या सामान्य व्यवस्थापकानं त्यांची वाट बघत बसू नये.

मग आपण काय करावं? हा खेळ खेळणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. पहिली, माणूस निवडताना त्याचं सर्वांत चांगलं कौशल्य आधी बघू नका, सर्वांत वाईट कौशल्य आधी बघा. तीन नंबरची किंमत त्याच्या तळावर ठरते. दुसरी, उंची मध्यम ठेवा. साडेसहा फुटांच्या जवळपासचा मुलगा दोन्हीकडचं शिकताना फार अडत नाही. सात फुटी मुलाला पासिंग शिकवता शिकवता त्याची उमेदीची वर्षं सरतात. तिसरी, वेळ घेणारं काम आधी उरका. उंच मुलगा बाहेरची कौशल्यं हळू शिकतो. म्हणून ती अठरा-एकोणिसाव्या वर्षी, शिकण्याचा वेग सगळ्यांत जास्त असतानाच त्याला द्या. रिबाउंड आणि आतला बचाव नंतरही येतो. चौथी, सामना झाल्यावर त्याचे गुण मोजण्याआधी समोरच्या तीन नंबरचे गुण मोजा. तो थंडावला असेल, तर तुमच्या माणसानं काम केलेलं आहे, त्याच्या नावावर सहाच गुण असले तरी.

मी कवितेतला माणूस आहे, म्हणून मला ह्या जागेवरून मुशायऱ्याचा नाझिम आठवतो, सूत्रसंचालन करणारा. तो स्वतः एखाद-दुसरा शेर म्हणतो. पण कोणत्या शायराला कोणानंतर उभं करायचं, पडलेली मैफल कशी उचलायची, तापलेली कशी थोडी थंड करायची, हे त्याच्या हातात असतं. त्याला हे जमतं, कारण तो वर्षानुवर्षं शायर म्हणूनही बसलेला असतो आणि श्रोता म्हणूनही. दुसऱ्या दिवशी लोक दाद देतात शायरांना, आणि ते बरोबरच आहे. मानधनाच्या पाकिटात मात्र त्याचं पाकीट बहुधा पातळ असतं.

घरात, कचेरीत, शाळेत असे तीन नंबरचे लोक आपल्या आजूबाजूला असतात. शिपाई रजेवर गेला तर टपाल पोचवणारे, लेखनिक आजारी पडला तर त्याची वही लिहिणारे. त्यांना सगळं थोडंथोडं येतं म्हणून आपण त्यांना कुठेही उभं करतो आणि पगारवाढीच्या वेळी विचारतो, तुमचं खास काम कोणतं? त्यांना उत्तर देता येत नाही, कारण तशी भोकं बुजवणं हेच त्यांचं खास काम असतं. बुजलेलं भोक दिसत नाही. एवढं कौशल्य त्यांनी कुठे मिळवलं, तर दुसऱ्यांच्या जागांवर परके होऊन, चुका खात, बोलणी ऐकत मिळवलेलं असतं.

बझरबीटरच्या पाटीवर दहा कौशल्यं एका खाली एक लिहिलेली असतात. पुढच्या वेळी एखाद्या खेळाडूची पाटी उघडलीत आणि तीत नजर ठरेल असं काहीच सापडलं नाही, तर लगेच पान उलटू नका. एकेक ओळ खालपर्यंत वाचा. कुठेच खड्डा लागला नाही, तर समजा की कोणीतरी ह्या पोरावर दोन-तीन वर्षं खर्च केलेली आहेत, आणि तो बाजारात कमी भावानं उभा आहे.